परतवारी

माझी आत्या सासवडला राहते. वय अठ्ठ्याऐंशी. दर रविवारी तिचा नातू फोन लावून तिच्यासमोर धरतो आणि आम्ही दोघी एकमेकींना बघत बोलतो. तिची दुपार असते, माझी सकाळ. गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी मी इथे लेस्टरला घराबाहेर उभी होते. मोटारीला ट्रेलर जोडून झाला होता, त्यावर आमची शिडाची होडी पट्ट्यांनी आवळलेली होती आणि तिच्या अंगावर लांबलचक डोलकाठी आडवी निजवली होती. मी फोन फिरवून आत्याला सगळं दाखवलं.

“एवढं लटांबर घेऊन निघालीस कुठं?”

“तळ्यावर. इथून चाळीसेक किलोमीटर आहे.”

“आणि तिथनं पुढं?”

“पुढं कुठं नाही. होडी पाण्यात सोडायची, दोन-तीन तास वाऱ्यावर फिरायचं, परत त्याच जागी येऊन होडी बाहेर काढायची आणि घरी यायचं.”

आत्या जराशी थांबली. मग म्हणाली, “म्हंजे गेलीस कुठंच नाहीस की गं.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आत्याला जे कळत नाही ते ती विचारते, इतकंच. जिच्या दारावरून दर आषाढी वारीला पंढरीची वाट जाते, त्या बाईचा तो प्रश्न होता. माणूस निघाला म्हणजे कुठेतरी पोचायला निघाला, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. मी तिला त्या वेळी उत्तर देऊ शकले नाही. उन्हाळाभर होडी पाण्यात सोडताना आणि बाहेर काढताना तो प्रश्न माझ्यासोबत होता.

आपल्याकडे परमार्थाच्या बोलण्यात होडी आली की पाठोपाठ पैलतीर येतोच. संसार हा सागर, देह किंवा नाम ही नौका, सद्गुरू नावाडी आणि जायचं ते पलीकडे. कीर्तनात, प्रवचनात, अंत्ययात्रेनंतरच्या सांत्वनात आपण हे इतकं ऐकलेलं असतं की नावेला दुसरं काही काम असेल असं वाटतच नाही. ऐलतीर हा सोडायचाच असतो. गौतम बुद्धांचा तराफ्याचा दृष्टान्त याच वाटेवरचा. मज्झिम निकायातल्या अलगद्दूपम सुत्तात तो आहे. एक माणूस गवत, काटक्या, फांद्या बांधून तराफा करतो, हातापायांनी वल्हवत धोक्याच्या तीरावरून निर्भय तीरावर पोचतो. आता या तराफ्याचे माझ्यावर केवढे उपकार, असं म्हणून त्यानं तो डोक्यावर घेऊन पुढे चालावं का? बुद्ध म्हणतात, नाही. धर्मही असाच, पार होण्यासाठी. धरून बसण्यासाठी नव्हे.

हा दृष्टान्त मला तरुणपणापासून पटलेला आहे. पण होडी घेतल्यावर त्यातली एक बारीक गोष्ट मला पहिल्यांदा दिसली. तराफ्याचं काय करावं हेही बुद्ध सांगतात. एक तर तो पाण्यात सोडून द्यावा किंवा कोरड्यावर ओढून ठेवावा. सांगताना आपण बहुतेक वेळा पहिलंच सांगतो, दुसरं गाळतो. ‘कोरड्यावर ओढून ठेवणं’ म्हणजे काय असतं ते ज्यानं भिजलेलं लाकूड उतारावरून वर ओढलं आहे त्यालाच कळतं. मला त्या अर्ध्या वाक्याबद्दल बोलायचं आहे.

आमची होडी वेफेअरर जातीची. इयान प्रॉक्टर यांनी १९५७ साली तिचा आराखडा केला. लांबी ४.८२ मीटर, नुसत्या सांगाड्याचं वजन १६९ किलोच्या आसपास. या होडीला पैलतीर गाठता येत नाही असं मुळीच नाही. १९६३ साली फ्रँक डाय यांनी एका सोबत्याला घेऊन अशाच होडीतून स्कॉटलंडहून आइसलंड गाठलं आणि पुढच्या वर्षी नॉर्वे. त्यांची ‘वाँडरर’ आज फाल्मथच्या सागरी संग्रहालयात आहे. वादळात डोलकाठी मोडली, उघड्या होडीत भर समुद्रात रात्री काढल्या, तरी ती पोचली. म्हणजे ऐलतीरावर परत यायचं हे होडीनं ठरवलेलं नाही, मी ठरवलेलं आहे.

आणि जिथे मी ती सोडते ते रटलंडचं पाणीही समुद्रासारखं आदिम नाही. १९७०च्या दशकात एम्पिंगहॅम गावाजवळ ग्वॉश नदीला बांध घालून हा जलाशय केला. पृष्ठभागाच्या हिशेबानं इंग्लंडातला सगळ्यांत मोठा, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला. त्याच्या उत्तर काठावर व्हिटवेल नावाचं गाव आहे, तिथे पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार आहे. त्याला सगळे ‘स्लिप’ म्हणतात. मला मात्र तो पहिल्या दिवसापासून घाटच वाटत आला. माणसं ज्या पद्धतीनं तिथे पाण्याजवळ जातात, पाय घालतात, क्षणभर थांबतात, ते मी सासवडला कऱ्हा नदीच्या काठी पाहिलेलं आहे.

होडी पाण्यात सोडायची कशी, ते मला एका निवृत्त शाळामास्तरांनी शिकवलं. त्यांचा पहिला नियम होता : सगळी तयारी घाटापासून लांब, घाटावर फक्त उतरायचं. मागे माणसं खोळंबलेली असतात. तुमची आवराआवर हा त्यांच्या वाटेतला अडसर होऊ द्यायचा नाही. म्हणून आम्ही गवतावर थांबतो. पट्ट्या सोडतो, मागच्या दिव्यांची फळी काढतो. डोलकाठी उभी करण्याआधी मान वर करून विजेची तार नाही ना, ते बघतो, कारण काठी ॲल्युमिनियमची आहे. मग दोर ओवायचे, शीड चढवण्याजोगं करून ठेवायचं, सुकाणू जागेवर बसवायचं. आणि बूच. होडीच्या मागच्या अंगाला पाणी निथळण्यासाठी भोक असतं, त्याचं बूच मी स्वतः हातानं पिळून बसवते आणि मोठ्यानं म्हणते, “बूच लावलं.” माझ्या कामाच्या जागी आम्ही प्रत्येक गोष्ट अशीच मोठ्यानं म्हणायचो. ज्याचा उच्चार होतो ते विसरत नाही.

आमचा ट्रेलर म्हणजे एकावर एक दोन गाड्या. खालची मोठी, रस्त्यावर धावणारी. वरची हलकी, हातानं ढकलायची ट्रॉली. होडी ट्रॉलीवर बसते, ट्रॉली ट्रेलरवर. पाण्यात जाते ती फक्त ट्रॉली. चाळीस किलोमीटर धावून ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग तापलेले असतात. तापलेलं बेअरिंग गार पाण्यात बुडवलं की आतली हवा आकसते, पाणी आत ओढलं जातं, ग्रीस निकामी होतं आणि एखाद्या दिवशी भर रस्त्यात चाक जाम होतं. म्हणून रस्त्याचा धनी रस्त्यावर थांबतो.

मग आम्ही दोघं होडी घेऊन उतारावरून पाण्यात शिरतो. घोटा, पोटरी, गुडघा. ट्रॉलीची चाकं बुडतात. इथपर्यंत सगळं वजन आमच्या दंडांत असतं. आणखी एक पाऊल, आणि वजन नाहीसं होतं. हळूहळू कमी होत नाही. आत्ता होतं, आत्ता नाही. होडी किंचित डुलते आणि तुमच्या हातात नुसता दोर उरतो. आर्किमिडीजचा नियम मी शाळेत पाठ केला होता, तरी दर वेळी त्या क्षणाला माझा श्वास अडकतो. ज्याला मी उचलून धरलं होतं त्याला आता दुसऱ्या कुणीतरी उचललं.

लोकांना हा क्षण आवडतो. काठावर चहा पीत बसलेली माणसं मान वळवून बघतात, मुलं धावत येतात, अनोळखी माणूस येऊन दोर धरतो. वारा बहुधा नैऋत्येचा, म्हणजे पालखीसोबत पाऊस आणणारा आमच्याकडचाच वारा. उत्तर काठाला तो तोंडावर येतो आणि होडीला परत काठाकडे लोटतो. त्याच्या अंगावर सरळ जाता येत नाही. तिरपं जायचं, वळायचं, पुन्हा तिरपं जायचं, असं करत पाणी मिळवावं लागतं. निघणं असं रंगतदार असतं.

परतणं तसं नसतं. तीन तासांनी आम्ही येतो तेव्हा बोटं गारठलेली, पोटं रिकामी, काठ ओस पडत आलेला. वारा आता पाठीशी असतो, आणि म्हणूनच जपायचं असतं. पाठीवरचा वारा होडीला अशा वेगानं काठावर आणतो की तिचं तोंड काँक्रीटवर फुटावं. म्हणून काठापासून लांबच तिला वाऱ्याच्या तोंडाला वळवून मोठं शीड उतरवतो आणि पुढच्या छोट्या शिडावर हळूहळू येतो. तळातली पाती वर ओढतो, सुकाणू उचलतो. नवरा कमरेइतक्या पाण्यात उतरून होडी धरून उभा राहतो आणि मी वर जाऊन ट्रॉली आणते.

इथे खरं कौशल्य आहे. ट्रॉली कमी बुडवली तर होडी तिच्यावर चढत नाही, नुसता तळ खरवडतो. जास्त बुडवली तर होडी वरच्या वर तरंगते, वाकडी होते, आणि ओढायला लागलात की एका बाजूला कलंडते. तिच्या तळाची मधली रेघ आणि ट्रॉलीचा रूळ एका ओळीत यावे लागतात, आणि त्याला एकच एक खोली असते. ती रोज बदलते, कारण तळ्याची पातळी बदलते. मास्तर म्हणायचे, “तुम्ही होडी उचलू नका. ट्रॉली बरोबर जागी धरा आणि थांबा.” मला हे कळायला दोन वर्षं लागली. होडी आपण उचलत नसतोच. आपण तिच्याखाली जागा तयार ठेवतो, मग पावलापावलानं ओढतो, आणि पाणी खाली जाता जाता तिला त्या जागेवर ठेवून देतं. घेतलं होतं तसंच परत देतं.

आणि तोंडाचा दोर ट्रॉलीच्या दांड्याला बांधायचा. आधी. ओढायच्या आधी.

चार वर्षांपूर्वी सप्टेंबरमधल्या एका संध्याकाळी मी तो बांधला नाही. पाऊस येत होता, मी दमले होते, आणि होडी ट्रॉलीवर छान बसलेली दिसत होती. उताराच्या मध्यावर शेवाळावरून माझा पाय सरकला, ट्रॉलीला हिसका बसला आणि होडी मागे घसरली. मागे नवरा होता. तो बाजूला झाला म्हणून वाचला. होडीची पाठ काँक्रीटवर आदळली, सुकाणूची बिजागरं तुटली. आवाज ऐकून मी उताराच्या मध्यावर रिकामी ट्रॉली धरून उभी राहिले. दुखापत कुणाला झाली नव्हती. तरी मला रात्रभर झोप लागली नाही, आणि कारण होडीचं नुकसान हे नव्हतं.

कारण मी भूलतज्ज्ञ आहे. एकोणतीस वर्षं मी या देशात माणसांना भूल दिली, आणि हीच गोष्ट मी तरुण डॉक्टरांना हजार वेळा सांगितली होती. भूल देताना खोलीत सगळे असतात. सर्जन असतो, मदतनीस असतात, सगळ्यांचं लक्ष असतं. दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल शिरेत जातं आणि मिनिटाभरात माणूस बोलता बोलता नाहीसा होतो. आणि भूल उतरते तेव्हा? शस्त्रक्रिया संपलेली असते. सर्जननं हातमोजे काढलेले असतात, कुणी पुढच्या रुग्णाची तयारी करत असतं, कुणी कापसाचे बोळे मोजत असतं. सगळ्यांच्या मनानं काम झालेलं असतं. त्याच वेळी घसा आवळून बसू शकतो, ओकारी श्वासात जाऊ शकते, स्नायूंची ताकद पुरती आलेली नसताना नळी निघू शकते. मी शिकाऊ मुलांना म्हणायचे, पाठवणं हे अर्धं काम. माणूस स्वतः श्वास घेतोय, हाक मारल्यावर डोळे उघडतोय, हे बघेपर्यंत डोक्याशेजारून हलायचं नाही. आणि तीच मी, होडी ‘छान बसलेली दिसतेय’ म्हणून दोर न बांधता ओढायला लागले होते. जे शहाणपण एका खोलीत अंगवळणी पडलं ते दुसऱ्या उतारावर आपोआप सोबत येत नाही, हे मला त्या रात्री कळलं.

आणि त्याच रात्री मला सासवड आठवलं.

आमचं घर पालखीच्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर. माउलींची पालखी दिवेघाट चढून आली की सासवडला दोन मुक्काम करते. त्या दोन दिवसांत गाव गाव राहत नसे. ओसरीवर दिंडीतली माणसं, अंगणात चुली, आत्या पहाटेपासून भाकऱ्या थापत असायची आणि तिचं कपाळ पिठानं पांढरं व्हायचं. मग पालखी जेजुरीकडे निघून जायची आणि माझ्या मनानं वारी संपायची. पण आषाढी एकादशी होते, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला होतो, आणि पालखी मागे फिरते. जायला अडीच आठवडे लागलेली वाट ती दहा दिवसांत चालून येते. तिला परतवारी म्हणतात. एकादशीला आलेली बहुतेक माणसं तोवर एसटीनं, रेल्वेनं आपापल्या गावी शेतावर गेलेली असतात. मोजके वारकरी, त्याच पादुका, तोच रथ, आणि आता बाजूला उभं कुणी नाही. मी नऊ-दहा वर्षांची असताना पावसात अशी परतीची पालखी पहिल्यांदा नीट पाहिली. माणसं भिजलेली, थकलेली, पण टाळ ठेक्यात होते. मी आत्याला विचारलं, “देव तर भेटला ना यांना? मग आता कशाला चालतात?”

आत्यानं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. म्हणाली, “नेलं त्यानं आणायला नको का? माउलींना काय पंढरीला टाकून यायचं?”

मला वाटतं, माझ्या उभ्या आयुष्यात धर्म या शब्दाची याहून नेमकी व्याख्या मला कुणी सांगितली नाही. नेलं त्यानं आणायचं. आपल्या भाषेत त्यागाला किती प्रतिष्ठा आहे बघा : उदक सोडलं, पाणी सोडलं, तुळशीपत्र ठेवलं. सोडणारा मोठा. ‘परत घेणं’ याला मात्र हलकेपणाचा वास आहे; दिलेलं परत घेऊ नये असंच आपण शिकतो. तरी त्याच भाषेत उंबरा ओलांडताना ‘जाते’ म्हणायची चोरी आहे, ‘येते’ म्हणावं लागतं. मोठ्या तत्त्वज्ञानानं ज्याला जागा दिली नाही त्याला घरातल्या बायकांनी दारातच जागा करून ठेवली.

आणि वारीचा अर्थच मुळी येरझार. वारकरी मुक्ती मागत नाही. पुन्हा जन्म दे पण पुन्हा ही वाट दे, असं मागतो. ज्यांना पैलतीर मिळू शकत होता अशा संतांनी ऐलतीरावर येणं-जाणं मागून घेतलं, ही या मातीतली केवढी मोठी गोष्ट आहे! आत्याच्या प्रश्नाचं उत्तर आत्याच्याच दारात होतं.

पण इथे एक अवघड प्रश्न उरतो. आपण ज्याला ‘परत आलं’ म्हणतो ते काय असतं? छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, झोपेबद्दल सांगतात. झोपेत प्रत्येक जीव त्या एका सत्‌मध्ये मिळून जातो, पण आपण तिथे गेलो हे त्याला कळत नाही. तिथून परत येतो तेव्हा आपण कुठून आलो हेही कळत नाही. वाघ होता तो वाघ होतो, डास होता तो डास. ही आपल्या अज्ञानाची कहाणी म्हणून शिकवतात, आणि ती तशी आहेच. पण ज्यानं हजारो माणसांना शुद्धीवर येताना पाहिलं आहे त्याला या कहाणीत दुसरंही काही दिसतं. वाघ वाघ होऊनच परत येतो, हे केवढं नवल आहे! भूल ही झोप नव्हे, तिच्याहून खोल आहे. एक बाई माझ्या हाताखाली चार तास कुठेच नव्हत्या. वेळ नव्हती, वेदना नव्हती, स्वप्न नव्हतं. मी त्यांना नावानं हाक मारली. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, “मुलीला शाळेतून कोण आणणार आहे?” जिथे धागा सोडला होता तिथेच तो पुन्हा धरला. तो धागा मी जपून ठेवला नव्हता. मी श्वास जपला, रक्तदाब जपला, नाडी जपली. माझ्याकडे ट्रॉलीच फक्त होती. ती योग्य खोलीवर धरून मी थांबले. त्या बाईंना त्यांच्या जागी कुणी आणून ठेवलं ते मला एकोणतीस वर्षांत कळलं नाही, आणि न कळूनही मी त्याच्यापुढे रोज हात जोडले.

म्हणून माझी श्रद्धा आता इतकी साधी झाली आहे : पाठवणं आणि परत येणं ही दोन्ही आपल्या हातची नाहीत. दोन्ही पाण्याची आहेत. आपल्या हातात आहे ते खाली जागा तयार ठेवणं, दोर बांधणं आणि जाग्यावरून न हलणं. आणि हे थोडंथोडकं नाही.

रटलंडच्या पाण्यावर यालाही कुणी आव्हान देऊ शकेल, कारण या पाण्याखाली दोन वस्त्या आहेत : नेदर हॅम्बल्टन आणि मिडल हॅम्बल्टन. अप्पर हॅम्बल्टन तेवढं उंचावर म्हणून वाचलं. धरणाखाली गेलेली गावं आपल्याला ठाऊक आहेत. ती परत येत नाहीत. मीही प्रत्येकाला परत आणू शकले नाही. अशी नावं थोडी आहेत, पण मला ती पाठ आहेत, आणि ती मी कुठे लिहिणार नाही. जे परत येत नाही त्याच्यापुढे परतवारीचं तत्त्वज्ञान सांगू नये. तिथे गप्प उभं राहावं. दक्षिण काठावर नॉर्मंटनचं जुनं चर्च आहे. पाणी चढणार म्हणून त्याची जमीन दगड आणि काँक्रीटनं भरून खिडक्यांच्या खालपर्यंत उचलून घेतली. आज ते पाण्यात कमरेइतकं उभं असल्यासारखं दिसतं. त्याच्यासमोरून जाताना मी शीड जरा सैल सोडते. होडी मंदावते. एवढंच करते.

पण याच पाण्यावर ऑस्प्रे आहेत, मासे धरणारे शिकारी पक्षी. मध्य इंग्लंडातून ते फार पूर्वी नाहीसे झाले होते. १९९६पासून स्कॉटलंडहून पिल्लं आणून इथे सोडली, आणि २००१ साली इथे पुन्हा पहिलं पिल्लू वाढलं. दर हिवाळ्यात ते पश्चिम आफ्रिकेत जातात आणि मार्चमध्ये इथेच येतात. पिल्लं सोडणाऱ्यांनी त्यांच्या परतण्याची कुठलीही हमी नसताना झाडांवर घरट्यांसाठी मचाणं बांधून ठेवली होती. जागा तयार होती. पक्षी आले.

आणखी एक गोष्ट मला लहानपणापासून कळली नव्हती. गणपती कऱ्हेत बुडवून आलो की आजोबा रिकामा पाट तसाच आणत नसत. नदीकाठची मूठभर ओली वाळू त्यावर ठेवून आणत. ती वाळू देव्हाऱ्याजवळ ठेवायची, मग घरभर, धान्याच्या कणगीपाशी थोडी थोडी टाकायची. इथे मला उलटा नियम आहे. २०१० साली केंब्रिजशरमधल्या ग्रॅफम वॉटरमध्ये काळ्या समुद्राकडची एक घातकी कोळंबीसारखी जात सापडली. ती भिजलेल्या दोरात, ट्रॉलीच्या नळीत, बुटाच्या तळाशी जिवंत राहते आणि दुसऱ्या तळ्यात जाऊन तिथले जीव खाते. म्हणून घाटावर पाटी आहे : तपासा, धुवा, वाळवा. या पाण्यातलं काहीही सोबत न्यायचं नाही. पहिली काही वर्षं मला हे रिकाम्या पाटासारखं वाटलं, हुरहुर लागायची. आता वाटतं, दोन्ही नियम एकाच जिव्हाळ्याचे आहेत. वाळू आणायची ती नातं तुटू नये म्हणून. होडी धुवायची ती दुसऱ्या पाण्याचं नातं बिघडू नये म्हणून. जिथून आलो त्याचं भान दोन्हीत आहे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही यंदाची शेवटची फेरी केली. होडी वर काढली. तोंडाचा दोर बांधलेला होता; मी दोनदा हात लावून पाहिला. गवतावर आल्यावर मी मागे जाऊन बूच उघडलं. आत साठलेलं पाणी आधी धारेनं, मग लोंबत्या दोऱ्यासारखं, मग थेंबाथेंबानं बाहेर आलं आणि उतारावरून वाट काढत तळ्याकडे निघालं. नवरा डोलकाठी उतरवत होता. मी शेवटचा थेंब पडेपर्यंत उभी राहिले आणि बूच खिशात ठेवलं.

त्या दिवशी सकाळी निघण्याआधी आत्याचा फोन झाला होता. चुलीपाशी ती काय म्हणाली होती ते मी तिला सांगितलं. तिला काही आठवत नव्हतं. “म्हटलं असंन,” ती म्हणाली. मग नातवाला फोन जवळ धरायला सांगून तिनं ट्रेलरवरची होडी पुन्हा एकदा बघितली, पट्ट्या, दोर, सगळं. कुठं निघालीस असं या वेळी तिनं विचारलं नाही.

“बरं,” ती म्हणाली, “जाऊन ये.”